मागच्या व्हरांड्यातली चूल

तो राजवाडा आमच्या जिल्ह्याच्या डोंगराकडच्या भागात आहे. गावाचं नाव इथे देत नाही. जे झालं ते एकदा छापून आलेलं आहे आणि त्यात माझाही हात होता.

पर्यटन वाढावं म्हणून नेमलेल्या एका खासगी संस्थेने पत्रकारांचा दौरा काढला होता. बस कोळगावला जिल्हा मुख्यालयासमोरून सुटणार होती. मी बोईसरहून रिक्षा आणि एसटी करत वेळेवर पोहोचले. बस तासभर उशिरा निघाली, कारण दोन वार्ताहर नाश्ता करत होते. बारा-तेरा जण होतो. प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. तिच्यात चिकूच्या वड्या, टोपी आणि राजवाड्याची माहिती देणारी पत्रिका होती. मनोर सोडायच्या आत बसमधल्या निम्म्या लोकांच्या बातम्या तयार होत्या. पत्रिकेतला मजकूर मोबाइलवर उतरवून घ्यायचा आणि शेवटी स्वतःचं एक विशेषण लावायचं, एवढंच काम होतं. माझ्या शेजारी पालघरच्या एका दैनिकाचा वार्ताहर बसला होता. वीसेक वर्षांची ओळख. त्याने विचारलं, "ताई, तुम्ही फोटो काढणार ना?"

"काढीन."

"मग मी कॅमेरा बाहेरच काढत नाही. ग्रुपवर टाका."

ही आमच्याकडची पद्धत आहे. जिल्ह्यातल्या वार्ताहरांचा एक ग्रुप आहे. एकाने फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि सगळ्यांनी वापरायचा. फोटोखाली कुणी काही लिहीत नाही. ओळी ज्याने त्याने आपापल्या लिहायच्या. कारखान्याला आग लागली की सगळे तिकडे धावू शकत नाहीत. जो जवळ असतो तो काढतो. मी बोईसरची, कारखान्यांच्या गावची, त्यामुळे आगी बहुतेक माझ्या वाट्याला येतात. आगीच्या फोटोखाली काही लिहिलं नाही तरी चालतं.

राजवाडा बाहेरून भव्य आहे. समोर उभ्या खोबणीचे उंच दगडी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेली दगडी पानं, त्यावर त्रिकोणी माथा आणि मधोमध घुमट. आत संगमरवरी जिना, ओतीव लोखंडाचे कठडे आणि खिडक्यांना रंगीत काचा. विलायतेतल्या इमारती पाहून कुणीतरी आपल्या डोंगरावर तशीच एक बांधून घेतली होती. दगड इथला, पाथरवट इथले, मनसुबा तिकडचा. दौऱ्याचा वाटाड्या दर पाच मिनिटांनी "युरोपियन स्टाइल" म्हणत होता. त्यातलं काय युरोपियन, ते त्याला सांगता येत नव्हतं.

जवळ गेल्यावर मात्र किळस यायला लागली. खांबांच्या खोबण्यांमध्ये गुटख्याच्या पिंका होत्या. काही ताज्या, ओल्या. खोबणीतून त्या सरळ खाली ओघळल्या होत्या, जणू त्यासाठीच ती कोरली होती. भिंतीवर बदाम, बाण आणि मुलींची नावं. दिवाणखान्याच्या छताला वटवाघळं होती आणि खाली त्यांची विष्ठा. त्यावर गालिचा टाकलेला होता, कारण पाहुणे येणार होते. गालिच्यावर पाय ठेवला की तो किंचित दबायचा. कडेच्या एका खोलीत लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक जोडी कपडे बदलत होती. तिथून चेहऱ्याची रंगरंगोटी पुसलेले कागद वाऱ्याने व्हरांडाभर आले होते. बाहेर हिरवळीवर त्यांच्या छायाचित्रकाराने जांभळा धूर सोडला. ती मुलगी मागे झालरीचा झगा ओढत धुरातून चालत आली आणि खोकायला लागली. "खोकू नको, परत," तो म्हणाला. ती परत गेली. आमच्यातले चौघे त्या मुलीचे फोटो काढत होते. त्यांचा राजवाडा पाहून झाला होता.

मी मागच्या अंगाला गेले. तिथेही खांबांचा व्हरांडा आहे, पुढच्यापेक्षा ठेंगणा. दोन खांबांमध्ये दोरी बांधली होती आणि तिच्यावर एक लुगडं आणि दोन शर्ट वाळत होते. कोपऱ्यात तीन विटांची चूल होती. एक बाई भाकरी भाजत होती. जवळ राखणदार लसूण सोलत बसला होता. पन्नाशीचा, बारीक, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्याचा बापही इथेच राखणदार होता, हे त्याने मी विचारण्याआधी सांगितलं.

"या ताई. तिकडचं बघून झालं?"

"झालं."

"मग हे बघा. हा खांब बघा. वर काय हाय?"

"पानं आहेत. दगडी."

"कोबी हाय तो," तो म्हणाला. "माजा बाप म्हनायचा, राजानं खांबावर कोबीचे गड्डे लावले नि खाली आमी कोरडी भाकर खातो."

त्याची बायको न हसता म्हणाली, "येईल त्या मानसाला हेच सांगतो. बसा ताई. भाकर हाय, चटनी हाय."

मी बसले. तिने कपात कोरा चहा दिला. त्या सगळ्या इमारतीत एवढीच जागा झाडलेली दिसत होती; बाकीचं रोज सकाळी झाडलं तरी लोक परत घाण करतात, असं ती म्हणाली. चुलीभोवतीची फरशी सारवल्यासारखी स्वच्छ. मात्र चुलीमागचा खांब वरपर्यंत काळा झाला होता. दगडी पानं आणि वरचं छतही. हे लपवण्यात अर्थ नाही. काजळी होती आणि भरपूर होती.

एवढ्यात राजवाड्याचा व्यवस्थापक मला शोधत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. चूल पाहून तो ओशाळला. म्हणाला, "मॅडम, यांच्या खोलीचं छप्पर बसलंय मागच्या पावसात. दुरुस्ती व्हायची आहे. म्हटलं, कुठे जातील बिचारे? मीच सांगितलं, तोवर राहा इथे." मग थोडं हसून, "हे मात्र फोटोत घेऊ नका हं."

मी वहीत लिहिलं: खोलीचं छप्पर बसलं. व्यवस्थापकाने स्वतः राहायला सांगितलं. तो जेवणाची व्यवस्था बघायला गेला. मी उठले, चार पावलं मागे गेले आणि फोटो काढला. उजेड तिरका होता. धुरातून खांबाच्या खोबण्या एकेक वेगळ्या दिसत होत्या आणि लुगड्याचा हिरवा रंग मधोमध आला होता. त्या दिवशी मी काढलेला तो सर्वांत चांगला फोटो होता. बाईने पदर सारखा केला, एवढंच. तिला मी विचारलं नाही. निघताना तिला माझा नंबर दिला, काही लागलं तर सांगा म्हणून. वार्ताहर सगळ्यांनाच असं सांगतात.

जेवणात पत्रकारांसाठी वेगळी रांग होती. आमचा पालघरचा वार्ताहर तोंडात घास असतानाच म्हणाला, "टाका ना ताई, चारच्या आत बातमी लावायची आहे." मी हात पुसले आणि ग्रुपवर बावीस फोटो टाकले. खांब, घुमट, जिना, काचा, आणि तो एक. नेहमीप्रमाणे खाली काही लिहिलं नाही. माझी बातमी मी संध्याकाळी पाठवली. तिच्यात खोलीचं छप्पर बसल्याचं एक वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी चार दैनिकांत राजवाडा आला. चारही ठिकाणी एकच फोटो होता. एकाने मथळा दिला होता, 'राजवाड्याची झाली खानावळ'. दुसऱ्याने 'ऐतिहासिक वास्तूवर अतिक्रमण'. पालघरच्या माझ्या मित्राने लिहिलं होतं की पर्यटक संतप्त झाले. कोणते पर्यटक, ते मला माहीत नाही. आमच्या दैनिकात माझी बातमी नव्हती. मुख्य कार्यालयाने ग्रुपवरून फिरत आलेला तोच फोटो उचलला होता, चार ओळी स्वतःच्या लिहिल्या होत्या आणि वर छापलं होतं, 'वारशाला काजळी – आमच्या प्रतिनिधीकडून'. प्रतिनिधी मी होते.

मी वृत्तसंपादकाला फोन केला. त्याने आधी अभिनंदन केलं. "फोटो फार बोलका आहे. तुमची बातमी जरा पत्रिकेसारखी वाटली, म्हणून बाजूला ठेवली."

"त्यात छप्पर पडल्याचं होतं."

"असं का? ते राहिलं मग."

खांबावरच्या पिंकांबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं. पिंकांचे फोटो मी सहा काढले होते, त्यातले दोन ग्रुपवरही टाकले होते. ते कुणी वापरले नाहीत. पिंक टाकणारा कोण, ते दिसत नाही. चूल पेटवणारी बाई दिसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी राखणदाराचा फोन आला.

"ताई, पेपरात आमची चूल आली हाय."

"पाहिलं मी."

"मालकांनी पन पाह्यलं. मनिजर बोलतो, तुला कोनी सांगितलं व्हतं हितं ऱ्हायाला? मी बोललो, तुमीच. तो बोलतो, मी नाय."  मागे बायकोचा आवाज आला, "तिला इचार ना, इचार." मग तो म्हणाला, "आठ दिसांत खाली करा म्हनतात. नोकरी पन जानार. ताई, तो बोलला तवा तुमी व्हतात ना तितं?"

"होते."

"मग मालकांसमोर तेवडं बोलाल? रविवारी येनार हायत ते."

मी येते म्हटलं. मग कार्यालयाला कळवलं. वृत्तसंपादक शांतपणे म्हणाला, "आपण बातमी देतो, साक्ष देत नाही. तुम्ही तिथे गेलात की दैनिक पक्षकार होतं. आपण खुलासा छापू." खुलासा मी लिहून दिला, सात ओळींचा. छापून आल्या दोन. 'सदर चूल तात्पुरती असल्याचे राखणदाराने सांगितले आहे.' व्यवस्थापकाचं वाक्य गेलं होतं. जे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं ते आता राखणदाराचं म्हणणं झालं होतं. हा खुलासा नाट्यगृहाच्या वेळापत्रकाखाली होता. बाकी तीन दैनिकांनी तेवढाही छापला नाही. पालघरच्या मित्राला मी ग्रुपवर विचारलं तेव्हा त्याने लिहिलं, "ताई, फोटो तुम्हीच टाकलात. आम्ही काय चूल पेटवायला गेलो होतो?" यावर तिघांनी हसरे चेहरे टाकले.

रविवारी मी वही घेऊन वर गेले. व्हरांड्यातली चूल काढलेली होती. राखणदाराची बायको काथ्याने खांब घासत होती. साबणाचं काळं पाणी फरशीवरून वाहत होतं आणि काजळी निघत नव्हती, पसरत होती. माझ्याकडे पाहून तिने काम थांबवलं नाही. "वर हायत," म्हणाली.

मालक दिवाणखान्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. वयस्कर, मृदू बोलणारे, शहरात राहणारे. खुर्च्या गालिच्याच्या बाहेर ठेवल्या होत्या. तो दबतो हे त्यांनाही माहीत असावं. राखणदार दाराशी उभा होता. व्यवस्थापक खिडकीपाशी. मी वही उघडली, ऐकलेलं वाक्य वाचून दाखवलं आणि कुठे उभं राहून ऐकलं तेही सांगितलं.

मालकांनी व्यवस्थापकाकडे पाहिलं. "असं म्हणालात तुम्ही?"

मला वाटलं होतं, तो नाकारेल. त्याने नाकारलं नाही. "म्हणालो असेन, साहेब. पण त्याच वेळी मी मॅडमना असंही म्हणालो होतो की हे फोटोत घेऊ नका. मॅडम, म्हणालो होतो की नाही?"

"म्हणाला होतात."

"ते लिहिलंय का वहीत?"

ते वहीत लिहिलेलं नव्हतं.

मालक थोडं हसले, कुणाला दुखावण्यासाठी नव्हे. "म्हणजे सगळेच खरं बोलताय. बरं आहे. यांची चूक नाही, हे मी मानतो." राखणदाराने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "पण आता सगळ्यांनी पाहिलंय. परत चूल मांडली तर परत कुणीतरी फोटो काढणार. आणि इथे लोक लग्नाचे फोटो काढायला येतात, त्यांना मागे दोरीवर लुगडं नको असतं. राहायचं बंद. नोकरी राहू दे."

खोली दुरुस्त केली तर, असं मी विचारलं. व्यवस्थापक म्हणाला, त्या खोलीचा आता कपडे बदलायला उपयोग करायचा आहे, छप्पर त्यासाठीच घालतोय. मग त्याने स्वतःची कल्पना मांडली. राखणदाराला दरबारी पोशाख द्यायचा. लाल कोट, फेटा, हातात भाला. दिवसा मुख्य दारात उभं राहायचं, जोडप्यांना फोटोसाठी हवा असेल तर शेजारी उभं राहायचं. मालकांना ते पसंत पडलं. पोशाख आणलेलाही होता. म्हणजे निकाल आधीच ठरला होता आणि मी फक्त तो ऐकायला आले होते. राखणदाराने कोट घातला. तो कुठल्यातरी बॅन्डवाल्याचा जुना असावा. काखेत घामाचे पिवळे डाग होते आणि एक सोनेरी बटण नव्हतं. आतून जुन्या घामाचा आंबट दर्प आला, तीन हातांवरून.

"छान दिसतो," व्यवस्थापक म्हणाला. "भाला जरा सरळ."

राखणदाराची बायको ओल्या हातांनी दाराशी येऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आनि मी कुटं जायाचं?"

 मालकांनी मोबाइल पाहिला. व्यवस्थापक मला सोडायला जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, आता याची एक चांगली बातमी करा. पॉझिटिव्ह." मी केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. फोटोसकट.

खोली मी शोधून दिली. बोईसरजवळ सालवडला एका चाळीत, एक खोली, बाहेर नळ. चाळीत सांगली-सोलापूरकडची कामगार कुटुंबं जास्त. बाईला कुंभवलीच्या एका कंपनीत बाटल्यांवर लेबलं लावायचं काम मिळालं. नवरा आठवड्यातले सहा दिवस वर राहतो, गावातल्या एका ओळखीच्याकडे पथारी टाकतो. सोमवारी राजवाडा बंद असतो, तेव्हा खाली येतो. बापाच्या वेळेपासून जिथे राहिले तिथे आता तो फक्त उभा राहतो.

सामान आलं त्या दिवशी मी चाळीत गेले होते. दोन पेट्या, भांडी आणि गोधड्यांचं गाठोडं. बाई आधी नळावर आली, हंडा घेऊन. तिथे पाच-सहा बायका होत्या. त्यातल्या एकीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोबाइल काढून बाकीच्यांना दाखवला. तो फोटो अजून फिरत होता.

"हीच ती. राजवाड्यात चूल घालून बसलेली."

"काय सांगतेस! मग उठा गं, राणीसरकार आल्यात."

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "राणीसरकार, हितं नंबर लावावा लागतो बरं का. घुमटाखालून पाणी न्हाई येत."

मी काहीतरी म्हणणार होते. हा फोटो मीच काढलेला आहे, एवढं सांगायला हवं होतं. बाईने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती म्हणाली, "राणी नाय बाय मी. झाडत व्हते तितं. रोज सकाळी. तुमच्या लोकांच्या पिंका काडत व्हते." मग तिने हंडा रांगेत सगळ्यात मागे ठेवला आणि त्याच्याजवळ उभी राहिली.

 मोबाइलवाली दातांना मिसरी लावत होती, तिने गटाराकडे वळून थुंकी टाकली. नळाला पाणी बारीक येत होतं. हंडा भरायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ मी तिथेच थांबले आणि नंतर तिच्याबरोबर हंडा उचलला.